जुना ॲम्प्लिफायर, नवी पेटी

व्हॅन शिप्ले यांनी विजेच्या गिटारीवर वाजविलेल्या हिंदी चित्रपटगीतांच्या तबकड्यांमुळे या वाद्याचा सूर आपल्याकडे परिचित झाला. स्टील गिटारची मींड दीर्घकाळ टिकते. ती न फाटता ऐकू यावी, तर ॲम्प्लिफायरमध्ये शक्तीची शिल्लक हवी.

व्हॉल्व्हचा सुटा ॲम्प्लिफायर स्पीकरसह एकाच पेटीत बसविणे हे निव्वळ सुतारकाम नव्हे. वीज तोडल्यावरही आतील कपॅसिटरांत कित्येकशे व्होल्टांचा प्राणघातक भार राहू शकतो. तो योग्य रोधकातून उतरवावा, मापकाने खात्री करावी. हे ज्याला अवगत नाही, त्याने आत हात घालूच नये. अमेरिकेतील 117 व्होल्टांसाठी बांधलेले यंत्र दिल्लीच्या सरोजिनी नगरात थेट 230 व्होल्टांवर लावले, तर ते जळेल. मध्ये रोहित्र हवे.

स्पीकरचे ओहम यंत्राशी जुळावेत. स्पीकर न जोडता यंत्र चालविल्यास त्याचे निर्गम रोहित्र निकामी होऊ शकते. एका पेटीत आल्यावर स्पीकरच्या हादऱ्यांनी जुने व्हॉल्व्ह किणकिणू लागतात, म्हणून सांगाड्याखाली रबर घालावे. उष्णता जाण्यासाठी पाठ उघडी ठेवावी.

मूळ पेटी मात्र मोडू नये. ती जपून ठेवल्यास यंत्र केव्हाही पूर्ववत करता येते.