मोहरीवरील करवत माशीची अळी कशी ओळखावी

रब्बी हंगामात मोहरी, मुळा, कोबी यांच्या कोवळ्या रोपांवर काळसर अळी दिसली, की ती पतंगाची अळी समजली जाते. पुष्कळदा ती करवत माशीची असते. हा भेद केवळ पुस्तकी नव्हे. बॅसिलस थुरिंजिएन्सिस कुर्स्टाकी या जिवाणूची भुकटी पतंगांच्या अळ्यांवर चालते. करवत माशीच्या अळीवर तिचा उपयोग होत नाही. ही कीड मुख्यतः लहान रोपांवरच पडते, म्हणून निरुपयोगी फवारणीत गेलेले चार दिवस पुढे भरून निघत नाहीत.

खरी खूण पायांत आहे. अळी उताणी करून साध्या भिंगाने पाहावी. छातीच्या सांधेदार पायांच्या तीन जोड्या दोन्हींत सारख्याच असतात. त्या सोडून पोटाखालचे मांसल पाय मोजावेत. पतंगाच्या अळीत त्यांच्या सहसा पाच जोड्या असतात, उंटअळीत त्याहूनही कमी. मोहरीवरील करवत माशीच्या अळीत आठ जोड्या भरतात. मोजणी अवघड वाटल्यास छातीमागील बिनपायांची वलये पाहावीत : पतंगाच्या अळीत पहिली दोन वलये बिनपायांची असतात, करवत माशीच्या अळीत एकच. अळीच्या पाठीवर पाच पट्टे असतात. स्पर्श होताच ती अंगाचे वेटोळे करून जमिनीवर पडते व मेल्याचे सोंग घेते. कोबीवरील चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी मात्र वळवळत धाग्याला लोंबते.

नावात माशी असली तरी ही घरमाशीच्या वर्गातली नव्हे. घरमाशीला दोन पंख, हिला चार. मधमाशी व गांधीलमाशी यांच्या हायमेनॉप्टेरा वर्गात तिची गणना होते; मात्र त्यांच्यासारखी बारीक कंबर हिला नसते. कुल टेन्थ्रेडिनिडी, शास्त्रीय नाव अथालिया लुगेन्स प्रॉक्सिमा. जुन्या पुस्तकांतील अथालिया प्रॉक्सिमा ती हीच. प्रौढ माशी नारिंगी अंगाची, काळ्या डोक्याची व धुरकट पंखांची असते. मादी करवतीसारख्या अंगाने पानाची कड चिरून आत अंडी घालते, त्यावरूनच हे नाव पडले. थंड देशांत वाळुंजाच्या जातीच्या झाडांची पाने खाणाऱ्या करवत माश्या याच कुलातल्या आहेत.

अळ्या सकाळी व सायंकाळी खातात आणि उन्हात मातीत दडतात. दुपारी शेत पाहणाऱ्यास छिद्रे दिसतात, अळी दिसत नाही. तेव्हा पाहणी व वेचणी सकाळीच करावी. रोपावस्थेत दिलेल्या पाण्याने पुष्कळ अळ्या बुडून मरतात. कोष मातीत असल्याने उन्हाळी नांगरटही उपयोगी पडते.