प्रौढाचा मेंदू व अक्षरशिक्षण

साक्षरता वर्गास येण्याचा आग्रह केला असता पन्नाशी उलटलेला ग्रामस्थ बहुधा एकच उत्तर देतो : "गुरुजी, आता या वयात डोकं चालत नाही." पुष्कळदा शिक्षकासही मनातून तसेच वाटत असते. हा समज कितपत खरा आहे, हे पाहणे अगत्याचे आहे.

जन्मसमयी मेंदूचे वजन सुमारे ३५० ते ४०० ग्रॅम असते. सहाव्या वर्षापर्यंत त्याचा आकार प्रौढ मेंदूच्या सुमारे नऊ-दशांश होतो. चाळिशीनंतर तो हळूहळू घटू लागतो. नवी गोष्ट ध्यानी ठेवण्याचा व उत्तर देण्याचा वेग मंदावतो. परंतु शब्दसंग्रह व अनुभवजन्य समज साठीपर्यंत टिकतात, किंबहुना वाढतात. मेंदूतील पेशींचे परस्परसंबंध वापराने बळकट होतात, आणि ही क्रिया उतारवयातही थांबत नाही.

कोलंबिया देशात शस्त्रे खाली ठेवून समाजात परतलेले काही बंडखोर प्रौढपणी प्रथमच वाचावयास शिकले. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात अशा २० नवसाक्षरांची २२ निरक्षरांशी तुलना करण्यात आली. तेव्हा वाचनास उपयोगी पडणारे मेंदूचे भाग नवसाक्षरांमध्ये अधिक भरीव आढळले. अमेरिकेतील २०११ सालच्या एका प्रयोगात ५५ ते ८० वर्षे वयाच्या ज्या व्यक्तींनी वर्षभर आठवड्यातून तीन दिवस चालण्याचा व्यायाम केला, त्यांच्या मेंदूतील स्मरणाशी निगडित भाग सुमारे २ टक्क्यांनी वाढला.

यावरून शिक्षकांनी पुढील गोष्टी ध्यानी घ्याव्यात :

१. पाठ लहान असावा. तोच पाठ दुसऱ्या दिवशी व पुन्हा आठवड्याने घ्यावा.

२. उत्तरासाठी पुरेसा अवधी द्यावा. घाई करू नये, मुलांदेखत चूक काढू नये.

३. आरंभ परिचित शब्दांपासून करावा : स्वतःचे नाव, गावाचे नाव, बी-बियाणे, बाजाराचा हिशेब.

४. अक्षरे ठळक व उजेड पुरेसा असावा. कमी ऐकू येणाऱ्यास पुढे बसवावे. न ऐकू येणे म्हणजे न समजणे नव्हे.

प्रौढाचे डोके सावकाश चालते, परंतु चालते, ही खात्री प्रथम शिक्षकास पटली पाहिजे. ती पटली म्हणजे वर्गास येणाऱ्यासही पटविता येईल.