शब्दओळख : बिनतारी

आम्हा कॉन्व्हेंटवाल्यांच्या तोंडात ‘वायरलेस’ पटकन येतं. त्याला मराठीत सुंदर शब्द आहे, ‘बिनतारी’. बिन म्हणजे विना. जसं बिनशर्त, बिनपगारी. तार नाही ते बिनतारी. हे विशेषण आहे, म्हणून पुढे नाम हवं : बिनतारी संदेश, बिनतारी यंत्रणा. पोलीस खात्यात शब्द आजही रूढ आहे. चिकलठाणा विमानतळावर वैमानिक कंट्रोल टॉवरशी बोलतो, तेही बिनतारी. मोबाईल मात्र टॉवरपर्यंतच पूर्ण बिनतारी. पुढचा प्रवास बहुधा फायबर केबलमधून!

गंमत म्हणजे देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, ‘बिनतारी’ टिकला. आजीला तार ठाऊक आहे; आपण काय शिकतो ते तिला याच शब्दाने समजेल. सांगून तर बघा!