बाटली कुठून आली, कशी आली

तामलवाडी हे सोलापूर–तुळजापूर रस्त्यावरचं गाव. इथं बसून पुण्या-गोव्याच्या क्राफ्ट बिअरची, नाहीतर बेल्जियमच्या महागड्या बाटलीची चिकित्सा करणं काहींना आगाऊपणा वाटेल. पण बिअर बिघडते ती बहुतेकदा कारखान्यात नाही, रस्त्यात. आणि रस्ता तर आमच्या दारातूनच जातो. वाळूजच्या बिअर कारखान्यांतून सोलापूरकडे यायचं तर बीड, धाराशिव, तुळजापूर करत हाच ५२ नंबरचा महामार्ग. पुण्याहून गावी येताना मीही चार वेगळ्या बाटल्या आणतो, मित्र आणतात. (परवाना खिशात ठेवून, हे वेगळं सांगायला नको.) त्यातल्या बऱ्याच हिरमोड करतात. तो का होतो, याचे हे बोल.

१. आधी तारीख, मग नाव.

लेबलवरचं चित्र, हॉप्सची नावं, पुरस्कार, सगळं नंतर. बाटली उलटी करून उत्पादनाची तारीख बघायची. बिअर म्हणजे वाइन नव्हे. थोडे गडद, कडक प्रकार सोडले तर ठेवून ती सुधारत नाही. आयपीएमधला आंब्या-संत्र्यासारखा वास तर सगळ्यात आधी उडतो आणि मागे नुसता कडूपणा उरतो. यावर कुणीतरी हमखास म्हणतं, ‘अरे, आयपीए तर इंग्लंडहून जहाजानं यायची!’ यायची. लंडनच्या बो ब्रुअरीची बिअर लाकडी पिंपांतून महिनोन् महिने प्रवास करून हिंदुस्थानात यायची. पण त्या बिअरला आजच्या आयपीएसारखा ताज्या फळांचा वास असावा, अशी कुणाची अपेक्षाच नव्हती. परदेशी बाटलीवर दुकानदार अचानक सूट देऊ लागला, तर सूट कशाची ते तारखेत दिसतं.

२. उन्हाचा हिशोब मांडायचा.

बिअरच्या धंद्यात ३-३०-३०० असा एक ढोबळ नियम सांगतात. बत्तीस अंशांत तीन दिवस, बावीस अंशांत तीस दिवस आणि तीन अंशांत तीनशे दिवस ठेवलेली बिअर साधारण सारखीच शिळी होते. आता हा नियम आमच्याकडे लावून बघा. मे महिन्यात सोलापूरचा पारा बेचाळीसच्या पुढे जातो. पत्र्याच्या गोदामात दुपारी काय होत असेल? ट्रकवर ताडपत्री असते, थंडावा नसतो. आश्विनात सोलापूरहून तुळजापूरला चालत जाणाऱ्यांनी रस्ता भरतो, जड वाहनं दुसरीकडे वळवतात, म्हणजे ऑक्टोबरच्या उन्हात आणखी फेरा. (त्या दिवसांत आमच्या घरात बाटलीचं नावही कुणी काढत नाही, तो भाग निराळा.)

उष्णतेनं आणि बाटलीत अडकलेल्या प्राणवायूनं शिळी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. कोपऱ्यात भिजून कुबटलेलं खोकं आठवा. ट्रान्स-२-नोनेनाल नावाचं संयुग त्या वासाला जबाबदार धरतात, आणि ते एका लिटरमध्ये मायक्रोग्रॅमच्या दहाव्या हिश्श्याइतकं असलं तरी नाकाला कळतं. गडद, कडक बिअरमध्ये हाच शिळेपणा बेदाण्यासारखा गोडसर होतो आणि कधीकधी चक्क बरा लागतो. फिकट लागरमध्ये मात्र सुटका नाही. धणे घातलेली विटबिअर जुनी झाली की डब्याच्या तळाशी राहिलेल्या धणेपुडीसारखी लागते.

इथे एक गैरसमज फार पक्का आहे. ‘एकदा गार केलेली बाटली पुन्हा गरम झाली की संपली’ असं लोक म्हणतात. गार-गरम एकदा झाल्यानं फारसं बिघडत नाही. एकूण किती ऊष्मा किती दिवस सोसला, ते मोजायचं. आणि गेलेली चव फ्रिज परत आणत नाही. म्हणून मी उन्हाळ्यात पुण्याहून निघताना बाटल्या थर्मोकोलच्या पेटीत बर्फासोबत ठेवतो आणि सोलापूर पहाटे गाठतो. डिकीत टाकून दुपारी टेंभुर्णीला जेवायला थांबणाऱ्या मित्राच्या बाटल्या मी चाखतो, पण विकत घेत नाही.

३. हिरवी बाटली काउंटरवरून घ्यायची नाही.

हॉप्समधल्या कडू द्रव्यांवर ऊन पडलं की गंधकयुक्त संयुग तयार होतं. लिटरमागे काही नॅनोग्रॅम पुरेत, वास जळक्या रबरासारखा उग्र. तपकिरी काच बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पांढरी जवळजवळ नाहीच. कॅनला ही भीती नाही. दुकानात रस्त्याकडे तोंड करून मांडलेली शोभेची रांग असते, ती शोभेलाच असू द्यावी. मागच्या बंद खोक्यातली मागावी. दुकानदार कुरकुरतो, देतो.

४. न आवडणं वेगळं, बिघडणं वेगळं.

गव्हाच्या जर्मन बिअरला केळ्याचा आणि लवंगेचा वास येतो. तो यीस्टमुळे येतो आणि यायलाच हवा. बांबेर्गच्या राउखबिअरला धुराचा वास असतो, कारण माल्ट लाकडाच्या धुरावर वाळवतात. आमच्यातल्या एकानं ती तोंडाला लावून ‘करपली’ म्हणून खाली ठेवली. त्याची बिचाऱ्याची चूक नाही, पण बिअरचीही नाही. आंबट बिअरचंही तसंच. ज्यांना उन्हाळ्यात ज्वारीची आंबील आवडते त्यांना ती लगेच पटते, हे मी अनेकदा पाहिलंय. हाच आंबटपणा साध्या लागरमध्ये आला तर मात्र कुठेतरी जंतू शिरलाय. लवंग लागरमध्ये लागली, तरी तेच.

५. कारखान्याचे दोष थोडे, पण ओळखता येण्यासारखे.

लोण्याचा वास आणि जिभेवर ओशट थर: डायअसिटिल, म्हणजे बहुधा यीस्टला काम पुरं करू दिलं नाही. उकडलेल्या मक्याचा वास: उकळी कमी पडली. हिरव्या सफरचंदाचा: बिअर कच्ची काढली. झाकण उघडताच फेस टेबलभर: बहुधा बाटलीत आंबणं चालूच राहिलं.

पुण्यात २००९ साली डूलाली ही मायक्रोब्रुअरी सुरू झाली, तेव्हापासून जिथे बनते तिथेच बिअर प्यायची सोय झाली. अशा ठिकाणी रस्ता, ऊन, ट्रक ही सगळी कारणं गळून पडतात. तरी लोणी किंवा आंबूस वास आला तर संशय नळाच्या पाइपवर घ्यावा; तो दर पंधरवड्याला धुवायचा असतो. पूर्ण ग्लास मागवण्याआधी घोटभर चाखायला मागावं. चांगली जागा नाही म्हणत नाही.

६. पाण्याला शिव्या देऊ नका.

मराठवाड्यात बिअर कडवट लागली की ‘पाणीच खराब’ हा शेरा ठरलेला. मोठे कारखाने पाणी आधी पूर्ण शुद्ध करून मग हवे ते क्षार घालतात, तेव्हा तुमच्या बोअरचा मचूळपणा तिथे पोचत नाही. पाण्याचा खरा प्रश्न चवीचा नाही, वाट्याचा आहे. २०१६च्या दुष्काळात उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानं मद्य कारखान्यांचं पाणी साठ टक्क्यांपर्यंत कापायला लावलं होतं. टँकरच्या रांगेत उभं राहिलेल्या माणसाला तो निकाल समजावून सांगावा लागला नाही.

७. बर्फगार बिअरची परीक्षा होत नाही.

थंडीनं दोषही झाकतात आणि गुणही. तोंडाला बाटली लावली तर नाकाला कामच उरत नाही. ग्लासात ओतायची, पाच-दहा मिनिटं थांबायचं, मग वास घ्यायचा. फेस लगेच बसला तर आधी ग्लास बघा. त्याला तेलकट हात किंवा साबण लागलेला असतो.

८. बिघडलेली बाटली मटणात ओतू नका.

वाया जाऊ नये म्हणून हे सगळीकडे करतात. पुठ्ठ्याची चव रश्श्यात लपेलही, पण पाणी आटतं तसा हॉप्सचा कडूपणा दाट होतो. उस्मानाबादी बोकडाचं मटण आणलंय ना? मग रश्श्याला साधं गरम पाणी घाला, आणि ती बाटली मोरीत ओता.