बारावीनंतर थेट परदेशी: सिंधुदुर्गातून अर्ज करताना काय करावे, काय टाळावे

बारावीच्या निकालात कोकण मंडळ वर्षानुवर्षे राज्यात पुढे आहे. गुणांवरून आपल्या मुलांचे फारसे अडत नाही. अडते ते पैशावर, आणि त्याहून जास्त पैशाच्या कागदांवर. म्हणून ही यादी सातबाऱ्यापासून सुरू केली आहे. कॉलेजांची नावे नंतर.

अकरावीत असतानाच

करावे: सातबारा आणि आठ-अ काढून नीट वाचावा. मालवण, देवगड, वेंगुर्ले, कुठेही जा. जमीन आजोबांच्या नावावर, खाली पंधरा हिस्सेदार, त्यातले निम्मे मुंबईत आणि दोघे हयात नाहीत, हे चित्र नेहमीचे. असल्या कागदावर बँक कर्ज देत नाही. वारसनोंद आणि फेरफार आताच मार्गी लावावेत. मयत खातेदारांच्या वारसांची नोंद व्हावी म्हणून सरकारने २०२५ मध्ये 'जिवंत सातबारा' मोहीम काढली, तिचा उपयोग करून घ्यावा. हिस्सेदारांच्या सह्या लागणार असतील तर चतुर्थीचा मुहूर्त धरावा. सगळे चाकरमानी एका घरात सापडतात ते तेव्हाच. फक्त विषय आरती झाल्यावर काढावा, पत्ते मांडण्याआधी.

टाळावे: हापूसची बाग आहे म्हणजे तारणाची सोय झाली, असे समजणे. शेतजमिनीवर बँकेला सरफेसी कायद्याखाली वसुली करता येत नाही, त्यामुळे शैक्षणिक कर्जाला ती सहसा चालत नाही. घर, बिगरशेती भूखंड, फ्लॅट किंवा मुदतठेव लागते. दोनशे कलमांपेक्षा काकांचा डोंबिवलीतला फ्लॅट बँकेला जवळचा वाटतो. मनाला लागते, पण हिशेब तोच आहे. आणि काकांना सही मागताना फ्लॅट खरोखर गहाण पडणार आहे हे स्पष्ट सांगावे. 'नुसती सही हवी' असे म्हणून घेतलेल्या सहीने पुढे दोन घरांतले बोलणे बंद होते.

करावे: उत्पन्न कागदावर आणावे. होमस्टे, स्कूबाची बोट, मासळी, आंबा, सगळा व्यवहार रोखीत आणि विवरणपत्र कोरे, अशी घरे किनाऱ्यावर पुष्कळ. बँक साधारण दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे मागते. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी विवरणपत्रात दाखवता येते, ते दाखवावे. वडील जहाजावर असतील तर पगारपत्रे, करारपत्रे आणि एनआरई खात्याचे उतारे जपून ठेवावेत.

टाळावे: सगळी पुंजी पतसंस्थेत ठेवणे. पतसंस्था रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखाली येत नाही आणि तिथल्या ठेवीला बँकेसारखे विमासंरक्षण नसते. व्हिसा अधिकाऱ्यालाही ते पासबुक समजावून सांगता येत नाही. रक्कम वेळीच बँकेत आणावी.

करावे: दहावीचे गुणपत्रक, आधार आणि पासपोर्ट यांवरचे नाव अक्षरन् अक्षर जुळवावे. आपल्या मंडळाच्या गुणपत्रकावर आडनाव आधी असते. पासपोर्टच्या अर्जात कोणता शब्द कुठल्या रकान्यात जातो ते पाहूनच भरावे.

शिष्यवृत्ती

टाळावे: परदेशी पदवीसाठी सरकारी शिष्यवृत्ती मिळेल या आशेवर वर्ष घालवणे. राज्याची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती आणि केंद्राची नॅशनल ओव्हरसीज, दोन्ही पदव्युत्तर शिक्षण आणि पीएच.डी.साठी आहेत. १८९२ पासून चालत आलेला जे. एन. टाटा एन्डोमेंटही पदवीधरांसाठीच. वळण जुनेच आहे: बाबासाहेब आंबेडकर १९१३ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तेही मुंबईत बी.ए. होऊन. पीएम विद्यालक्ष्मी योजना देशातल्याच संस्थांसाठी आहे. शेजारचा मुलगा एम.एस.ला गेला असेल तर त्याचा सल्ला आदराने ऐकावा आणि बाजूला ठेवावा. त्याची वाट वेगळी होती.

करावे: पैसा कॉलेजकडेच मागावा. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी मोजकी अमेरिकी कॉलेजे परदेशी विद्यार्थ्याची ऐपत न बघता प्रवेश ठरवतात आणि मग गरजेइतकी मदत देतात. प्रवेश महाकठीण, पण ज्याला मिळाला त्याच्या घराला कर्ज लागेलच असे नाही. इतर बहुतेक कॉलेजांत मदत मागितल्याने प्रवेशाची शक्यता घटते. तरी गरज असेल तर ती पहिल्याच अर्जात सांगावी. आधी 'मदत नको' लिहून प्रवेशानंतर मागितली तर अनेक ठिकाणी दार बंद असते. जपान सरकारची मेक्स्ट शिष्यवृत्ती मात्र पदवीसाठीही आहे, भाषेच्या पहिल्या वर्षासकट. आपल्याकडे तिचे नाव फारसे कोणी काढत नाही.

करावे: निबंधात आपली परिस्थिती आहे तशी मांडावी. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशींनी पेनसिल्व्हानियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिले, त्यात आपल्याकडे काय कमी आहे तेही लपवले नव्हते. प्रवेश मिळाला. कॉम्प्युटरने लिहिलेला गुळगुळीत निबंध कोणाचाही असू शकतो. पहाटे रापण ओढणाऱ्याच्या मुलीचा निबंध तिचाच असतो.

टाळावे: मदतीचे आकडे हातात आल्याशिवाय दोन कॉलेजांत तुलनाच करता येणार नसेल, तर 'अर्ली डिसिजन'चा अर्ज. त्यात प्रवेश मिळाला की जाण्याचे बंधन असते.

देश निवडताना

टाळावे: 'जर्मनीत फुकट' एवढ्यावर उडी मारणे. बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिकवणी शुल्क नाही हे खरे, पण बाडेन-व्युर्टेंबर्ग राज्य युरोपबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेते. खर्चासाठी वर्षाचे ११,९०४ युरो आधीच गोठवलेल्या खात्यात ठेवावे लागतात. पदवीचे वर्ग बहुतांशी जर्मनमध्ये असतात. आणि नुसती बारावी सहसा थेट प्रवेशाला पुरत नाही: जेईई ॲडव्हान्स्ड उत्तीर्ण, किंवा इथे पदवीचे एक वर्ष पूर्ण, असे काही लागते. त्यावर एपीएस, म्हणजे आपली शैक्षणिक कागदपत्रे तपासून दिलेले प्रमाणपत्र. ते आधी मागवावे.

करावे: ब्रिटनसाठी त्या विद्यापीठाच्या पानावर 'महाराष्ट्र राज्य मंडळ' शोधावे. काही विद्यापीठे सीबीएसई, आयएससी आणि राज्य मंडळांना वेगवेगळे निकष लावतात. ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि वैद्यकीयचे अर्ज १५ ऑक्टोबरच्या सुमारास बंद होतात, म्हणजे दिवाळीचा फराळ होण्याआधी. व्हिसासाठी तिथे राहण्याच्या खर्चाची रक्कम खात्यात सलग २८ दिवस असावी लागते.

टाळावे: एजंटाने 'दाखवायला' घातलेले पैसे. अचानक आलेली मोठी रक्कम अधिकाऱ्याला पहिल्यांदा दिसते. खोटा कागद सापडला तर अनेक वर्षांची बंदी येऊ शकते.

एमबीबीएससाठी वेगळे: नीट पात्रता हवीच. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१ च्या नियमांनुसार किमान ५४ महिन्यांचा इंग्रजी माध्यमाचा अभ्यासक्रम आणि त्याच संस्थेत १२ महिन्यांची इंटर्नशिप लागते. यातले एक जरी बसत नसेल, तर एजंटाने विद्यापीठाचे कितीही रंगीत फोटो दाखवले तरी उठून यावे. आता ओरोसलाही सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथला कटऑफ आधी पाहावा.

कर्ज आणि पैसे पाठवणे

करावे: आधी सरकारी बँक. साडेसात लाखांच्या वर साधारणपणे तारण मागतात आणि परदेशासाठी काही हिस्सा, बहुधा १५ टक्के, घरचा लागतो. शिक्षण चालू असताना व्याज साठत राहते. जमेल तसे ते तेव्हाच भरावे. बिनतारण कर्ज देणाऱ्या वित्तसंस्था झटपट देतात, पण व्याज जास्त, आणि काहींचा हप्ता पहिल्याच महिन्यात सुरू होतो.

करावे: रुपया घसरेल असे धरूनच चार वर्षांचा हिशेब मांडावा. कर्ज रुपयांत, फी डॉलरमध्ये.

टाळावे: वर्षाला दहा लाखांच्या वरची रक्कम घरच्या पैशातून पाठवताना टीसीएस, म्हणजे बँक तेव्हाच कापून घेते तो कर, विसरणे. मान्यताप्राप्त संस्थेच्या शैक्षणिक कर्जातून गेलेल्या रकमेवर एप्रिल २०२५ पासून तो नाही. कापला गेला तर विवरणपत्रात परत मागता येतो.

टाळावे: 'तिकडे हॉटेलात काम करून फी भरेल' हे गणित. अमेरिकेत सत्र चालू असताना आठवड्याला २० तास, तेही सहसा कॉलेजच्या आवारातच. त्यातून किराणा सुटतो, फी नाही.

टाळावे: मूळ गुणपत्रके किंवा कोरे धनादेश सल्लागाराकडे ठेवणे. त्याला कुठल्या विद्यापीठाकडून कमिशन मिळते, हे तोंडावर विचारावे. उत्तर देताना तो चहा मागवायला लागला तर समजून घ्यावे.

करावे: कॉलेजची अनामत भरण्याआधी एक ओळ शोधून वाचावी: व्हिसा नाकारला गेला तर यातले किती परत मिळणार, किती दिवसांत, आणि ते मागायला कोणता कागद लागणार.