पोटातील जिवाणू व आपली भाकरी



पाचट जाळू नका, असे आम्ही प्रत्येक मेळाव्यात सांगतो. पाचट जाळले की जमिनीतल्या जिवाणूंचे खाद्य जाते. तेच सरीत ठेवून टनाला 8 किलो युरिया, 10 किलो सुपर फॉस्फेट व 1 किलो पाचट कुजविणारे जिवाणू टाकले, की खोडव्याला फुकटचे खत मिळते. आज हाच हिशेब पोटाला लावून पाहू.

आपल्या मोठ्या आतड्यातही असंख्य जिवाणू राहतात. ज्वारीची भाकरी, डाळी, उसळी, पालेभाज्या यांतला जो चोथा आपल्याला पचत नाही, तो त्यांचे खाद्य. तो आंबवून ते ब्युटिरेट नावाचा पदार्थ तयार करतात. मोठ्या आतड्याच्या अस्तराला मुख्य ताकद त्यातूनच मिळते. चोथा बंद केला तर काही जिवाणू अस्तरावरचा बुळबुळीत थरच खाऊ लागतात, असे उंदरांवरील प्रयोगात दिसले आहे.

आता रोगाकडे वळू. आतड्याला सूज व जखमा करणारे दोन चिवट रोग आहेत. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्यात होतो. क्रोन रोग तोंडापासून गुदद्वारापर्यंत कोठेही होऊ शकतो. यात शरीराची संरक्षण शक्ती आपल्याच आतड्यावर उलटते. हे रोग संसर्गाने पसरत नाहीत. अशा रोग्यांच्या पोटात ब्युटिरेट करणारे जिवाणू बहुधा कमी आढळतात. अनुवंश, आहार, जिवाणूंचा बिघाड अशी कारणे एकत्र येतात. क्रोन रोगात विडी-सिगारेट भर घालते.

पण नीट ध्यानात घ्या, भाकरी हे औषध नव्हे. पाणी साचलेल्या रानात खत टाकून काय उपयोग? आधी चर काढावा लागतो. तसेच रोग उसळलेला असताना किंवा आतडे अरुंद झाले असताना जाड चोथ्याने त्रास वाढू शकतो. तेव्हा पथ्य डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. बरे वाटले म्हणून गोळ्या मनाने बंद करू नयेत.

शौचातून रक्त पडले की आपला माणूस मूळव्याध म्हणतो आणि लाजेने गप्प बसतो. हे दुखणे अंगावर काढू नका. चार आठवड्यांहून जास्त जुलाब, रक्त वा आव पडणे, वजन घटणे, रात्री शौचासाठी उठावे लागणे, यांपैकी काही असेल तर दुर्बिणीची तपासणी लागते. आतड्याचा क्षयही क्रोन रोगासारखाच दिसतो. औषधे मात्र अगदी वेगळी. अंदाजाने घेतलेले स्टिरॉइड क्षयात घातक ठरू शकते.

निरोगी माणसाने मात्र चोथा सोडू नये. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत 2018 मध्ये लोह व जस्त जास्त असलेले 'परभणी शक्ती' हे ज्वारीचे वाण दिले आहे. ऊस जरूर लावा, पण घरच्या भाकरीपुरते रान ज्वारीला ठेवा. पाचट जमिनीला, चोथा पोटाला. आणि रक्त दिसले तर वेळ न घालवता दवाखाना!

— ऊस विकास विभाग