गरुडाचा डोळा

उर्दूत भिंगाला तुम्ही 'अदसा' म्हणता. हा शब्द अरबीतील 'अदस' म्हणजे मसूर, यावरून आला. इंग्रजीतील 'लेन्स' हा शब्दही मसुरीच्या लॅटिन नावावरूनच आला आहे. आहे ना गंमत?

कॅमेऱ्याच्या चांगल्या लेन्समध्ये मात्र एकच भिंग नसते. एकाच भिंगाने घेतलेल्या चित्राच्या कडा पुसट होतात, रंग फाकतात. म्हणून अनेक भिंगे एकामागे एक बसवतात.

जर्मनीतील येना शहरात, कार्ल झाइस यांच्या कारखान्यात, पॉल रुडॉल्फ हे शास्त्रज्ञ काम करीत. १८९६ मध्ये त्यांनी सहा भिंगांची 'प्लॅनार' लेन्स तयार केली. तिचे चित्र रेखीव येई. पण एक अडचण होती. प्रकाश हवेतून काचेत शिरताना किंवा काचेतून हवेत येताना दर वेळी त्याचा शेकडा चार-पाच भाग मागे फिरतो. प्लॅनारमध्ये असे आठ पृष्ठभाग होते. मागे फिरलेला प्रकाश आतल्या आत भटके आणि चित्रावर धुके पसरल्यासारखे दिसे.

१९०२ मध्ये रुडॉल्फ यांनी 'टेसार' लेन्स काढली. ग्रीक भाषेत 'टेसारेस' म्हणजे चार. पुढे एक फुगीर भिंग, मध्ये एक खोलगट आणि मागे एकमेकांना चिकटवलेली दोन. हवेला लागणारे पृष्ठभाग सहाच! चित्र स्वच्छ, ठसठशीत येऊ लागले. जाहिरातीत तिला 'कॅमेऱ्याचा गरुडडोळा' म्हणत.

या लेन्सला अभिजात म्हणतात, ते ती जुनी आहे म्हणून का? नाही. जुन्या लेन्स कितीतरी आहेत. त्यांची नावेही कोणाला आठवत नाहीत. टेसारमधले एकही भिंग जास्तीचे नाही, हे तिचे खरे मोठेपण. म्हणूनच इतरांनी तिची मांडणी उचलली. १९२५ च्या लाइका कॅमेऱ्याची लेन्सही बरीचशी अशीच होती. टेसारमध्ये उणीव नव्हती असे नाही. तिचे छिद्र पूर्ण उघडले की चित्राचे कोपरे पुसट होत.

१९३५ मध्ये झाइसच्याच स्माकुला यांनी काचेवर अतिशय पातळ थर देऊन परतणारा प्रकाश कमी केला. मग मागे पडलेली प्लॅनार पुन्हा पुढे आली. तरी टेसार टिकली, कारण ती लहान, हलकी आणि स्वस्त होती.

घरी एखादा जुना कॅमेरा असेल, तर दिव्याखाली त्याच्या लेन्समध्ये तिरके पाहा. दिव्याची लहानमोठी प्रतिबिंबे दिसतील. ती मोजा. सहा ठळक आणि एक अगदी फिकट दिसले, तर ती टेसारच्या घराण्यातली असण्याचा संभव आहे. ते फिकट प्रतिबिंब चिकटवलेल्या जोडाचे!